अण्णांचा विषय क्रमांक सात

२०१८ च्या मार्चमध्ये अण्णांना मी किंग्ज या आमच्या बास्केटबॉल संघाचा सामना दाखवायला घेऊन गेलो. ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला आले होते. थंडी ओसरली होती, तरी त्यांच्या गळ्यात मफलर होताच. गाडी पार्किंगमध्ये लावून आम्ही के स्ट्रीटने चालत आलो आणि ती काचेची, चकचकीत पत्र्याची मोठी इमारत समोर आली. वर ठळक अक्षरांत नाव. अण्णांनी मान वर करून एकेक अक्षर लावत वाचलं, "गोल्डन... वन... सेंटर."

मग मला विचारलं, "गोल्डन वन म्हंजे? सराफाची पेढी हाय का?"

"नाही अण्णा. पतसंस्था आहे. इथं क्रेडिट युनियन म्हणतात."

ते तिथंच थांबले. मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून पुढे जायला लागले. "पतसंस्थेनं एवढं बांधलं?"

"बांधलं नाही. नाव दिलंय. वीस वर्षांसाठी. बारा कोटी डॉलर."

अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले. "सातशे ऐंशी कोटी," म्हणाले. आणि नंतर जे विचारलं ते मी अजून विसरलेलो नाही. "सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेतलं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी त्या संस्थेचा सभासद होतो, आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

अण्णा वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या पतसंस्थेत एकतीस वर्षं व्यवस्थापक होते. दोन खोल्या, एक लोखंडी तिजोरी, तीन कारकून आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन परत येणारे पिग्मी एजंट. माझं लहानपण त्या दोन खोल्यांत गेलं. शाळा सुटली की तिथं जायचं, काउंटरच्या मागं स्टुलावर बसून अभ्यास करायचा आणि सातच्या सुमारास अण्णांच्या सायकलवर घरी यायचं. त्यामुळं भागभांडवल, थकबाकी, जामीनदार, तारण हे शब्द मला पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ झाले.

सप्टेंबर उजाडला की घरात वार्षिक सभेचं वारं शिरायचं. अहवाल छापून यायचा. त्याच्या पहिल्या पानावर सभेची नोटीस आणि विषयपत्रिका. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास मंजुरी देणे, नफावाटणीस मंजुरी देणे, असं करत करत शेवटी 'आयत्या वेळचे विषय'. अण्णा त्या पुस्तिकेची प्रुफं रात्री जेवणं झाल्यावर कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली तपासायचे. एक आकडा चुकला तर त्यांना झोप लागायची नाही.

मी सहावी-सातवीत असेन, तेव्हाच्या एका सभेत गावच्या कबड्डी मंडळाचा विषय निघाला. संस्थेनं त्या वर्षी मंडळाला मैदान सपाट करायला, तांबडी माती टाकायला आणि कडेनं एक भिंत घालायला अकरा हजार रुपये दिले होते. फेटा बांधलेले एक वयस्क सभासद उठले. त्यांचा आवाज अजून कानात आहे. "माझ्या पोरीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीतनं तुम्ही पोरांचं मैदान करताय व्हय?"

सभागृहात एकदम शांतता. अध्यक्षांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले, अहवालाचं पान उघडायला सांगितलं आणि समजावून सांगितलं, की ठेव ही ठेवच असते, तिला कुणी हात लावत नाही. कर्जाच्या व्याजातून खर्च, ठेवींवरचं व्याज आणि बुडीत कर्जाची तरतूद गेली की जे उरतं तो नफा. त्यातून आधी राखीव निधी, मग लाभांश, आणि मग धर्मादाय. हे अकरा हजार त्या धर्मादायातले आहेत, आणि तोही तुमचाच पैसा आहे, म्हणून आज तुमच्यासमोर ठेवलाय. नको असेल तर नको म्हणा.

त्या सभासदांनी पान नीट वाचलं. किंवा वाचल्यासारखं केलं असेल, त्यांना किती वाचता येत होतं ठाऊक नाही. पण मग म्हणाले, "तसं असंल तर भिंतीवर संस्थेचं नाव घाला. आमचं हाय म्हणून कळू द्या लोकांला."

त्या भिंतीवर पेंटरनं निळ्या रंगात संस्थेचं नाव काढलं. खाली 'मर्यादित', त्याखाली नोंदणी क्रमांक. नोंदणी क्रमांक घालायचा आग्रह अण्णांचा. त्या मैदानावरची पोरं पुढं जिल्ह्याला खेळली. रात्रीचे सामने असले की ट्यूबलाइटच्या उजेडात ती निळी अक्षरं दिसायची, आणि ज्याचा शंभर रुपयांचा शेअर आहे तो माणूसही त्या भिंतीकडं बघून ताठ बसायचा. हे मी बघितलंय.

याची दुसरी बाजूही मी घरातच बघितली आहे, आणि ती न सांगता पुढं जाणं खोटेपणाचं होईल. शेजारच्या तालुक्यात एक पतसंस्था होती. तिचं नाव प्रत्येक मैदानावर. कुस्त्यांच्या कमानीवर तिचं नाव, क्रिकेटच्या ढालीवर तिचं नाव, हलगीवाल्यांच्या शर्टावर तिचं नाव. माझ्या आत्यानं मामांच्या निवृत्तीचे पैसे तिथं ठेवले. "एवढं मोठं नाव हाय, बुडतंय कशाला," असं ती म्हणाली होती. बुडालं. संचालकांनी आपल्याच पाहुण्यारावळ्यांना तारणाशिवाय कर्जं दिली होती. आत्यानं पुढची कित्येक वर्षं त्या बंद शटरच्या दारात चकरा मारल्या. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, आज ते पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजही आपल्याकडच्या किती ठेवीदारांना हे माहीत आहे? अण्णा त्या दिवसांत फार बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "कमानीवरचं नाव बघून ठेव ठिवू ने. ताळेबंद बघून ठिवावी."

तेव्हा सॅक्रामेंटोच्या रस्त्यावर थांबून त्यांनी विचारलेला प्रश्न सहज आलेला नव्हता.

सामन्यात त्यांचं मन रमलं की नाही, मला सांगता येणार नाही. किंग्ज त्या मोसमात ब्याऐंशीपैकी सत्तावीसच सामने जिंकले. पण गोंगाट त्यांना आवडला. इथं प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा या गावाला गाईगुरांचं गाव म्हणून हिणवलं होतं, तेव्हा लोकांनी त्याच घंटा हातात घेतल्या. अण्णांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मग त्यात हिणवण्यासारखं काय हाय?" आणि शेजारच्या बाईंकडून घंटा मागून घेऊन त्यांनी ती बेंदराच्या मिरवणुकीत घुंगरमाळ हलवावी तशी हलवली.

मध्यंतरात मात्र परत तोच विषय. "ही संस्था कवाची?"

हे मला माहीत होतं, कारण माझं पहिलं कर्ज तिथलंच. मी २००९ मध्ये इथं आलो. मंदी होती. इथं माझा कर्जाचा काही इतिहास नाही म्हणून एका मोठ्या बँकेनं जुन्या गाडीसाठीसुद्धा कर्ज नाकारलं. कचेरीतले एक जुने सरकारी कर्मचारी म्हणाले, आमच्या क्रेडिट युनियनमध्ये जा. मी गेलो. समोरच्या बाईंनी नेमणुकीचं पत्र वाचलं, पगाराच्या पावत्या बघितल्या, चार प्रश्न विचारले आणि अर्ज भरून घेतला. त्यांनी बचत खात्याला 'शेअर अकाउंट' म्हटलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं. इथं क्रेडिट युनियनमधली तुमची बचत म्हणजेच तुमचा शेअर. लाख डॉलर ठेवणारा आणि शंभर डॉलर ठेवणारा, दोघांना मत एकच.

गोल्डन वन १९३३ मध्ये सुरू झाली. महामंदीचा तळ होता तो. कॅलिफोर्निया राज्याच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली ही संस्था. नाव होतं कॅलिफोर्निया स्टेट एम्प्लॉइज क्रेडिट युनियन नंबर वन. पुढं १९७७ मध्ये ती 'गोल्डन वन' झाली. 'वन' आला तो त्या 'नंबर वन'मधून. अण्णांना हा खुलासा फार आवडला. "म्हंजे नोंदणी क्रमांकच ठिवलाय की नावात!" आज दहा लाखांहून जास्त सभासद आहेत आणि कॅलिफोर्नियात राहणारा कुणीही सभासद होऊ शकतो.

घरी आल्यावर मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली आणि मग आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत जागलो. अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनच्या चळवळीचा एक धागा आपल्याकडून गेलेला आहे. बॉस्टनचे एक मोठे दुकानदार, एडवर्ड फाइलीन, १९०७ मध्ये जगाच्या प्रवासाला निघाले होते. ते भारतात आले. आपल्याकडं १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला होता आणि बंगालमध्ये विल्यम गॉर्ले नावाचे इंग्रज अधिकारी खेड्यापाड्यांत पतपेढ्या उभ्या करत होते. फाइलीन त्यांच्याबरोबर खेडी फिरले. सावकाराच्या दारात न जाता शेतकरी एकमेकांच्या हमीवर कर्ज घेतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. परत गेल्यावर ते या कामाला लागले. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं क्रेडिट युनियनचा कायदा केला, त्यामागं त्यांचा मोठा हात होता. पुढं १९३४ मध्ये रुझवेल्ट यांच्या सहीनं सगळ्या देशासाठी कायदा झाला. कल्पनेचं मूळ जर्मनीत, रायफायझन यांच्या कामात, कॅनडातल्या देजार्दांचाही मोठा वाटा, हे सगळं खरं. पण मधलं एक पाऊल आपल्या मातीत पडलेलं आहे.

अण्णा म्हणाले, "आणि त्याच्याबी आधी बडोदा." सहकार प्रशिक्षणात शिकलेलं ते विसरले नव्हते. १८८९ मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली. कायदा येण्याच्या पंधरा वर्षं आधी. अन्योन्य. त्या एका शब्दात पतसंस्थेचं सगळं मर्म आलं, असं अण्णा नेहमी म्हणायचे.

पण प्रश्न राहिलाच होता. सभेत मंजुरी घेतली का?

मी नंतर जमेल तेवढं वाचलं. रिवाज असा आहे, की सभासद संचालक मंडळ निवडतात, बहुतेक क्रेडिट युनियनमध्ये संचालक पगार न घेता काम करतात, आणि नावाचा करार हा जाहिरातीचा खर्च मानला जातो. तो मंडळाच्या अधिकारात येतो. हा करार जाहीर झाला २०१५ च्या जूनमध्ये. वर्षाला सरासरी साठ लाख डॉलर. हा पैसा इमारतीच्या मालकाला जात नाही. इमारत शहराची आहे. नावाचे पैसे जातात संघाला. इमारत पंचावन्न कोटी डॉलरच्या वर गेली. त्यात शहरानं साडेपंचवीस कोटी घातले आणि ते फेडायला मुख्यतः शहराच्या पार्किंगचं उत्पन्न लावलं. म्हणजे त्या दिवशी मी गाडी लावली, ते पैसेही या हिशोबात आले. मी तिथला सभासद, तिथला करदाता आणि वर तिकीट काढून गेलेला प्रेक्षक. तिन्ही बाजूंनी माझाच खिसा.

अण्णांनी कागदावर भागाकार केला. दहा लाख सभासद धरले तर साठ लाख भागिले दहा लाख. "माणशी वर्षाला सहा डॉलर. दोन चहाचे पैसे." मी म्हणालो, मग एवढं काय? ते माझ्याकडं बघत राहिले. "चहाचे झाले तरी दुसऱ्याचे हायत ना? विचारायला नको?"

या करारांवर इथं टीका होते. बँकवाले म्हणतात, क्रेडिट युनियनना नफ्यावरचा केंद्राचा आयकर माफ आहे, ती सवलत गरीब सभासदांना स्वस्त कर्ज मिळावं म्हणून आहे, क्रीडागृहांवर पाट्या लावायला नाही. टीका बँकवाल्यांच्या सोयीची आहे, पण म्हणून ती चुकीची ठरत नाही. सहा डॉलरांत कर्जाचा दर किती कमी झाला असता, हा प्रश्न रास्त आहे.

तरीही मी या पाटीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. मी सॅक्रामेंटोच्या नाटोमास भागात राहतो. किंग्जचं जुनं क्रीडागृह आमच्या घरापासून जवळ होतं. मी आलो तेव्हा त्याचं नाव आर्को अरीना, एका तेल कंपनीचं. २०११ मध्ये तो करार संपला आणि पॉवर बॅलन्स पॅव्हेलियन झालं. मनगटात घालायचे रबरी पट्टे विकणारी ती कंपनी. त्याच वर्षाच्या अखेरीस तिनं दिवाळखोरी जाहीर केली. २०१२ मध्ये तिसरं नाव आलं, स्लीप ट्रेन, गाद्या विकणाऱ्या दुकानांचं. पुढं ती दुकानंही दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. दोन वर्षांत तीन नावं. रस्त्यावरच्या खुणेच्या पाट्या बदलायला माणसं शिडी लावून उभी असायची. आमच्या गल्लीतली जुनी माणसं शेवटपर्यंत आर्कोच म्हणत राहिली, कारण कुठल्याच नव्या नावाचा त्यांच्या जगण्याशी संबंध नव्हता. आणि याच काळात संघ गाव सोडून जायला निघाला होता. जुन्या मालकांनी तो सिअॅटलच्या लोकांना विकायचं ठरवलं होतं. २०१३ च्या मे महिन्यात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या संघमालकांनी बावीस विरुद्ध आठ मतांनी स्थलांतर नाकारलं. आमचे तेव्हाचे महापौर केविन जॉन्सन, स्वतः एनबीए खेळलेले, त्यांनी जिवाचं रान केलं. आणि संघ ज्यांनी घेतला ते विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. एनबीए संघाचे भारतात जन्मलेले पहिले बहुमतवाले मालक. त्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळात दुसरा विषय नव्हता.

इतकं झाल्यावर नव्या इमारतीवर कुणाचं नाव लागणार, ही आमच्यासाठी क्षुल्लक गोष्ट नव्हती. ते नाव गावातल्याच संस्थेचं लागलं. शेजारी, सहकारी, मुलांच्या शाळेतल्या बाई, यांपैकी कुणाचं ना कुणाचं खातं तिथं असतंच. ही संस्था गाव सोडून जाऊ शकत नाही, कारण तिचे मालकच इथं राहतात.

मग मला नाद लागला. कुठंही गेलो की क्रीडागृहावरचं नाव बघायचं. रिनोला बेसबॉल बघायला गेलो, मैदान 'ग्रेटर नेवाडा'च्या नावाचं, तीही क्रेडिट युनियनच. मावसभाऊ मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, त्याच्या जवळच्या वुस्टर गावात डीसीयू सेंटर आहे. डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ही संस्था, १९७९ ची. कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकनं गिळली, तिचं नाव नव्या मुलांना माहीतही नाही, पण कामगारांची पतसंस्था तिच्यामागंही टिकली आणि २००४ मध्ये तिचं नाव गावच्या क्रीडागृहावर लागलं. वॉशिंग्टन राज्यात 'गेसा' आहे. आद्याक्षरं सोडवली तर निघतं जनरल इलेक्ट्रिक सुपरवायझर्स असोसिएशन, हॅनफर्डच्या अणुप्रकल्पावरच्या पर्यवेक्षकांची संघटना. टेंपीच्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं बास्केटबॉलचं क्रीडागृह आधी वेल्स फार्गो या बँकेच्या नावाचं होतं. २०१९ मध्ये ते डेझर्ट फायनान्शियलचं झालं. ही संस्था १९३९ मध्ये फिनिक्सच्या शिक्षकांनी काढलेली. बँकेची पाटी उतरली आणि मास्तरांच्या पतसंस्थेची चढली! हे मी अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आईला हाक मारून परत एकदा सांगायला लावलं.

यात धंद्याचा हिशोब आहे, हे उघड आहे. पूर्वी क्रेडिट युनियन एका कारखान्याची, एका खात्याची असायची. पुढं नियम सैल झाले, एका अख्ख्या जिल्ह्याला, राज्याला सभासद करून घेता येऊ लागलं. मग जुनं नाव अडचणीचं होतं. 'अमुक नौदल तळाच्या नोकरांची संस्था' असं नाव असेल तर बाहेरचा माणूस दारात येत नाही. म्हणून नवीन नाव घ्यायचं, आणि नवीन नाव लोकांच्या तोंडी बसवायचं तर ते रोज उच्चारलं जाईल अशा ठिकाणी लावायचं. फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला व्हायस्टारनं हेच केलं. आधी ती तिथल्या नौदल तळाची संस्था होती. वर या संस्थांचा पसारा आणि गावच्या संघाचा पसारा बहुतेक एकच असतो. देशभर जाहिरात करण्यात त्यांना अर्थ नसतो, गावातल्या मैदानावर असतो.

तरी आत्याचं बंद शटर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. इथं एक फरक आहे आणि तो मोठा आहे. क्रेडिट युनियनमधल्या ठेवीला सरकारी विमा आहे, खातेदारामागं अडीच लाख डॉलरपर्यंत. पाटी उतरली, संस्था बुडाली, तरी तेवढे पैसे परत मिळतात. आत्याला ते मिळाले नाहीत. आपल्या पतसंस्थांच्या ठेवींना असं भक्कम संरक्षण मिळेपर्यंत मी गावाकडच्या कुठल्याच मैदानावरच्या नावावर विश्वास ठेवणार नाही, मग त्या संस्थेत माझे नातेवाईक संचालक का असेनात.

अण्णा परत जायच्या आधी, त्याच मार्चच्या बावीस तारखेला, गोल्डन वन सेंटर सगळ्या देशाच्या बातम्यांत दिसलं. चार दिवसांपूर्वी पोलिसांनी स्टेफॉन क्लार्क या बावीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या आजीच्या परसात गोळ्या घातल्या होत्या. त्याच्या हातात मोबाइल होता. लोकांनी मोर्चा काढला आणि क्रीडागृहाच्या दारात साखळी करून उभे राहिले. दारं बंद झाली. जे आधीच आत होते त्या थोड्याशा प्रेक्षकांसमोर सामना झाला, आणि संपल्यावर रणदिवे मैदानात येऊन त्या कुटुंबाबद्दल बोलले. आम्ही घरी टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर हात धरून उभी असलेली माणसं आणि त्यांच्या डोक्यावर ते पतसंस्थेचं नाव. अण्णा म्हणाले, "गावाला गाऱ्हाणं सांगायचं तर माणूस चावडीवरच येणार." क्रीडागृहाला त्यांनी चावडी म्हटलं. एका वाक्यात त्यांनी मला पटवून दिलं, की ही नुसती जाहिरातीची जागा नाही, आणि म्हणूनच तिथं नाव लावणाऱ्यावर जबाबदारी येते.

ते गेल्यावर माझी एक सवय बदलली. वार्षिक सभेची सूचना आली की मी ती वाचतो. ताळेबंद उघडतो, राखीव निधी बघतो, बुडीत कर्जांची तरतूद बघतो, मग जाहिरातीचा खर्च. मुलीलाही तिच्या नावानं खातं काढून दिलं आणि ताळेबंदातला कुठला आकडा आधी बघायचा ते शिकवलं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी त्या क्रीडागृहात राज्याच्या शालेय बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यांना जातात. कोट्यवधी डॉलरांच्या करारवाले खेळाडू जिथं धावतात, त्याच लाकडी जमिनीवर शाळेतल्या पोरी धावतात.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज मुंबईला गेले, वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात इंडियाना पेसर्सशी दोन सामने झाले. अण्णांनी ते टीव्हीवर पाहिले आणि मला पहाटे फोन केला. "आपला संघ हरला," म्हणाले. 'आपला' म्हणाले.

२०२१ मध्ये अण्णा गेले. करोनामुळं मला वेळेवर पोचता आलं नाही.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या शरदात मोसम सुरू झाला तेव्हापासून, सामना जिंकला की क्रीडागृहाच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडायला लागले. तो आमच्या नाटोमासच्या अंगणातून दिसतो. त्याच मोसमात, सोळा मोसमांच्या खंडानंतर, किंग्ज बाद फेरीत गेले. एवढा लांब वनवास एनबीएत दुसऱ्या कुठल्या संघानं भोगला नव्हता. पहिला सामना जिंकले तेव्हा रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, घंटा वाजत होत्या. निर्णायक सातव्या सामन्यात समोरच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टेफ करीनं एकट्यानं पन्नास गुण केले आणि सगळं संपलं, तरी लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मी अंगणात उभा राहून तो रिकामा काळोख बघितला. झोत नव्हता. अण्णांना फोन करावासा वाटला.

हा करार संपेल तेव्हा मी साठीच्या आसपास असेन. त्या वेळी तो पुढं न्यायचा की नाही, हे सभासदांना विचारावं असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी संस्थेला पत्रानं कळवलं आहे, परत कळवणार आहे. मजकूर माझा नाही. विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी त्या सामन्याच्या पार्किंगच्या पावतीमागं तो लिहून दिला होता. त्यांच्या त्या अहवालातल्यासारख्या, शिरोरेघ न तुटणाऱ्या अक्षरात:

'विषय क्र. ७ : क्रीडागृहाच्या नावाच्या करारास मुदतवाढ देणेबाबत विचार करणे व त्यासाठी येणाऱ्या खर्चास सभासदांची मंजुरी घेणे.'

खाली कंसात लिहिलंय : (आयत्या वेळचे विषयांत घेऊ नये. आधी नोटिशीत छापावे.)